आकाशाच्या उताऱ्यावर कोणाचे नाव?

२०२५ सालच्या २४ डिसेंबरला सकाळी श्रीहरिकोट्याहून भारताच्या एलव्हीएम-३ अग्निबाणाने 'ब्लूबर्ड' नावाचा एक अमेरिकन उपग्रह अंतराळात नेऊन सोडला. वजन सुमारे ६,१०० किलो. भारतीय भूमीवरून तोवर उडालेल्या उपग्रहांत हा सर्वांत जड, म्हणून त्याचे कौतुक झाले आणि ते यथार्थच होते. परंतु वजनाच्या कौतुकात विस्ताराचा आकडा मागे पडला. कक्षेत पोहोचल्यावर उलगडावयाची जी पाटी या उपग्रहाला जोडलेली आहे, तिचे क्षेत्रफळ २२३ चौरस मीटर. आमच्या बेळगावात जागांचे व्यवहार करणाऱ्यांस हा आकडा ताबडतोब ओळखू येईल : ४० बाय ६० फुटांचा प्लॉट. असा एक अख्खा प्लॉट, जमिनीपासून पाचशे किलोमीटरांहून अधिक उंचीवर, सूर्याचे ऊन अंगावर घेत पृथ्वीप्रदक्षिणा करणार.

त्याच कंपनीने २०२२ साली पाठविलेल्या चाचणी-उपग्रहाची पाटी अवघी ६४ चौरस मीटर होती. ती उलगडल्यानंतर तो उपग्रह काही वेळा ०.४ प्रतीचा, म्हणजे प्रश्वा आणि अग्रनद या ताऱ्यांच्या तोडीचा तेजस्वी दिसतो, असे निरनिराळ्या देशांतील निरीक्षकांनी मोजून २०२३ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केले. आकाशातील पहिल्या दहा तेजस्वी ताऱ्यांच्या पंक्तीला एक यंत्र जाऊन बसले. (ताऱ्यांच्या प्रतीचा आकडा जितका लहान तितके तेज अधिक, साध्या डोळ्याची मर्यादा सहाव्या प्रतीच्या आसपास संपते.) त्याच्या साडेतीनपट विस्ताराचे भावंड आपण आपल्या हातांनी वर नेऊन ठेवले, आणि तेही नाताळच्या आदल्या दिवशी, जेव्हा गोव्यात आणि आमच्या कँपातील अनेक घरांपुढे कागदाची नखेत्रे टांगलेली होती. कोकणी माणसाला तारा म्हणजे नखेत्र. मराठीने तो शब्द पंचांगाच्या स्वाधीन केला. कोकणीने तो अंगणात ठेवला. आता अंगणावरचे नखेत्र कोणते आणि कंपनीचे कोणते, हे मुलाला समजावून सांगण्याची पाळी आली आहे.

उपग्रहांविषयी माझी तक्रार नाही, हे प्रथमच सांगून टाकतो. पाऊस केव्हा येणार, वादळ कोठे वळले, हे ज्यांच्यामुळे कळते त्यांच्याविषयी कोण कृतघ्न होईल? माझी तक्रार कायद्याविषयी आहे. ज्याला मालक नाही त्याच्यावर कोणाचा हक्कही नाही, असा एक सोयीस्कर समज आकाशाच्या बाबतीत रूढ होऊ पाहत आहे. हा समज कायद्याने खोटा आहे, आणि तो रूढ करण्यात आता आपला देशही सामील आहे.

आकडे थोडक्यात देतो. १९५७ सालच्या स्पुटनिकपासून ६२ वर्षांत साऱ्या जगाने मिळून चालू स्थितीत ठेवलेले उपग्रह २०१९च्या आरंभी दोन हजारांच्या आसपास होते. त्या वर्षीच्या मे महिन्यात स्पेसएक्स कंपनीने स्टारलिंकचे पहिले ६० उपग्रह एका खेपेत सोडले. २०२५ संपताना एकट्या स्टारलिंकचे नऊ हजारांहून अधिक उपग्रह फिरत होते, आणि कंपनीने मनात धरलेला आकडा ४२,०००चा आहे. ॲमेझॉनला ३,२३६ उपग्रहांची परवानगी मिळालेली आहे. चीनच्या गुओवांग योजनेचा आराखडा सुमारे १३,०००चा आहे. यांपैकी प्रत्येकाचे आयुष्य सामान्यतः पाच-सात वर्षांचे. जुने जळून खाली येतात, नवे वर जातात. म्हणजे ही गर्दी एकदाची सोसून संपणारी नव्हे, ती सतत भरती होणारी आहे.

हे दिसतात कसे, तेही सांगितले पाहिजे, कारण येथे अतिशयोक्ती फार होते. आपल्याकडे सूर्य मावळला तरी साडेपाचशे किलोमीटर उंचीवर तो मावळलेला नसतो. आपण अंधारात आणि ते उन्हात, म्हणून ते चमकतात. मध्यरात्रीच्या सुमारास पृथ्वीची छाया त्यांनाही झाकते, आणि आपल्या अक्षांशावर ही छाया युरोपातल्या उन्हाळ्यापेक्षा पुष्कळ उदार आहे. नुकतेच सोडलेले स्टारलिंक ओळीने जाताना डोळ्याला ठसठशीत दिसतात. नेहमीच्या उंचीवर गेल्यावर त्यांपैकी बरेचसे डोळ्याच्या मर्यादेच्या अल्याड-पल्याड असतात. तेव्हा बेळगावच्या आकाशातून तारे नाहीसे झाले असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. परंतु एक एक उपग्रह डोळ्याला दिसतो की नाही, एवढ्यावर प्रश्न संपत नाही. कक्षेतील लहानमोठ्या सर्व वस्तूंवरून विखुरणारा उजेड एकत्र धरला, तर नैसर्गिक रात्रीच्या आकाशाची उजळणी सुमारे दहा टक्क्यांनी वाढली असावी, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०२१ साली मांडला. हा उजेड एखाद्या गावापुरता नाही. तो साऱ्या पृथ्वीवर सारखा आहे.

शिवाय हानी नेमकी कोणत्या वेळेची होते ते पाहा. संध्याकाळ आणि पहाट. माणसाचे आकाशाशी जे काही बोलणे झाले ते बहुतेक याच दोन वेळांना झाले. शेतकरी 'मृग लागला' म्हणतो तेव्हा मृगाची हरिणे दिसत नसतात, कारण सूर्यच तेथे जाऊन बसलेला असतो. सूर्य कोठे आहे हे पूर्वीच्या लोकांनी जाणले ते उजाडण्यापूर्वी पूर्वेला कोणता तारा वर आला आणि तिन्हीसांजेला पश्चिमेला कोणता बुडाला, हे पाहून. सूर्याच्या जवळून पृथ्वीच्या रोखाने येणारे अशनी शोधणारे आजचे ज्योतिर्विद त्याच संधिप्रकाशात दुर्बिणी लावतात, कारण ते खडक इतर वेळी दिसतच नाहीत. उपग्रहांचा उपद्रव सर्वांत अधिक आहे तो या घटकांत.

आपल्या भागाला या विषयाचे काहीच नाते नाही, असे कोणी समजू नये. 'ज्योतिर्गणित' लिहिणारे व्यंकटेश बापूजी केतकर विजापूर-बागलकोटच्या मुलखात शिक्षकाची नोकरी करीत ग्रहांची गणिते मांडीत होते. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिला. या मंडळींनी आणि टिळकांनी पंचांगशोधनाचा जो वाद मांडला, त्याचे सार एका शब्दात होते : दृक्प्रत्यय. कागदावरचे गणित डोळ्यांना पटले पाहिजे. पंचांगातील ग्रह आणि आकाशातील ग्रह यांत अंतर पडले तर पंचांग चुकले, आकाश नव्हे. (भास्कराचार्यांचे विज्जलविड विजापूरकडचे की खानदेशातले, यावरही वाद आहेच. सीमाभागाला तोही नवा नाही.) ज्या समाजाने डोळ्याच्या साक्षीसाठी एवढे भांडण केले, त्याने तो साक्षीदारच कोणी फितवीत असताना गप्प राहावे काय?

आता कायद्याकडे येतो.

गावच्या गायरानाचा उतारा काढून पाहा. तेथे कोणा पाटलाचे वा सावकाराचे नाव नसते. याचा अर्थ ते बेवारशी आहे असा होत नाही. ते साऱ्या गावाचे आहे, एवढाच होतो. तरीही गायराने गेली ती याच चुकीच्या वाचनाने. आधी कुंपण, मग गोठा, मग घर, आणि शेवटी 'इतकी वर्षे वहिवाट आहे' म्हणून अर्ज. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात या प्रकारावर कडक शब्दांत ताशेरे ओढले आणि गावच्या सामाईक जमिनींवरील बेकायदा ताबे हटविण्यासाठी सर्व राज्यांना योजना आखण्यास सांगितले.

अंतराळाचा उतारा १९६७ सालच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. भारताने त्यावर त्याच वर्षी सही केली आणि १९८२ साली त्यास अनुसमर्थन दिले. त्याच्या पहिल्या कलमानुसार अंतराळाचा शोध आणि वापर ही अखिल मानवजातीची बाब आहे. दुसऱ्यानुसार कोणत्याही राष्ट्राला त्यावर स्वामित्व सांगता येत नाही. कंपन्यांचे वकील पहिल्या कलमातील 'वापर मुक्त आहे' हे शब्द मोठ्याने वाचतात. नववे कलम ते हलक्या आवाजात वाचतात. त्यात म्हटले आहे की अंतराळातील प्रत्येक कार्य इतर सर्व राष्ट्रांच्या हिताची योग्य दखल घेऊन करावे, आणि आपल्या कार्याने इतरांच्या शोधकार्यात हानिकारक व्यत्यय येण्याचा संभव असेल तर आधी विचारविनिमय करावा. दुर्बिणीतून आकाश पाहणे हे शोधकार्य नव्हे, असे म्हणण्याचे धाडस अद्याप कोणी केलेले माझ्या वाचनात नाही.

हे नववे कलम हवेतून आलेले नाही. १९६३ साली अमेरिकेच्या वायुदलासाठी कोट्यवधी बारीक तांब्याच्या सुया कक्षेत पसरण्यात आल्या, त्यांच्यावरून बिनतारी संदेश परतवावे म्हणून. ब्रिटनच्या बर्नार्ड लव्हेलसारख्या ज्योतिर्विदांनी त्या वेळी मोठा निषेध केला. एका राष्ट्राने साऱ्यांच्या आकाशात परस्पर काही शिंपडावे काय, हा प्रश्न तेव्हाच संयुक्त राष्ट्रांपुढे आला, आणि त्या वादाची छाया नवव्या कलमावर पडलेली आहे असे मानतात. तेव्हा तत्त्व नवे नाही. सुयांच्या जागी प्लॉट आले, एवढेच.

मग दाद कोठे मागावयाची? येथे कायद्याची गंमत सुरू होते. १९७२ सालच्या नुकसानभरपाईच्या करारात नुकसान म्हणजे प्राणहानी, शरीराची वा आरोग्याची इजा आणि मालमत्तेचे नुकसान. १९७८ साली सोव्हिएत रशियाचा कॉसमॉस-९५४ हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडात कोसळला, तेव्हा मागणी करून कॅनडाने १९८१ साली ३० लाख डॉलर मिळविले. उपग्रहाचा तुकडा डोक्यावर पडला तर दाद आहे. डोक्यावरचे आकाश गेले तर नाही.

अमेरिकेत याहून मौज आहे. दुर्बिणीवाचून जमिनीवरून ओळखू येईल अशी जाहिरात अंतराळात लावण्यास तेथील कायद्याने मनाई आहे. म्हणजे साध्या डोळ्याला दिसणारी वस्तू सर्वांच्या आकाशात टांगणे हा उपद्रव आहे, हे त्या देशाला तत्त्वतः मान्य आहे. मात्र तीच वस्तू कशाचीही जाहिरात करीत नसेल, नुसतीच चमकत असेल, तर उपद्रव नाही! या हजारो उपग्रहांना परवानगी देणारे फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन हे मुळात बिनतारी लहरींची वाटणी करणारे कार्यालय. उपग्रह मोजके होते त्या काळात, १९८६ साली, या कार्यालयाने आपल्या बहुतेक परवान्यांना पर्यावरण-परीक्षणातून सरसकट सूट दिली, आणि तीच सूट हजारोंच्या ताफ्यांना लागू झाली. एका प्रतिस्पर्धी कंपनीने याविरुद्ध अपील केले. २०२२ साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने, तक्रारदाराला पर्यावरणाच्या मुद्द्यावर उभे राहण्याचा अधिकारच पोहोचत नाही, असे म्हणून तो मुद्दा ऐकला नाही.

मग तो अधिकार पोहोचतो कोणाला? आपल्या न्यायालयांनी या प्रश्नाचे उत्तर अधिक मोकळ्या मनाने दिलेले आहे. एस. पी. गुप्ता खटल्यापासून, म्हणजे १९८१ पासून, सार्वजनिक हिताची हानी होत असेल तर सद्हेतूने येणाऱ्या कोणाही नागरिकाला आमच्याकडे दार उघडे आहे. १९९६ साली एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नदी, वन, किनारा, हवा ही सरकारची खासगी मालमत्ता नसून जनतेसाठी सांभाळलेली ठेव आहे, असे सांगितले. आकाशाचा अंधार त्या यादीत अद्याप कोणी मांडलेला नाही. मांडता येणार नाही असे मात्र नाही.

परंतु दार उघडे असले तरी घरात सामान थोडे आहे, हे वकिलाने कबूल केले पाहिजे. १८८२चा सुविधाधिकाराचा कायदा १८९१ साली मुंबई इलाख्याला, म्हणून बेळगावलाही, लागू झाला. खिडकीतून वीस वर्षे अखंड आलेल्या उजेडाचे तो रक्षण करतो. मोकळ्या जागेवर येणाऱ्या उजेडाचा असा हक्क मात्र वहिवाटीने मिळत नाही, असे त्याचे सतरावे कलम सांगते. उजेड अडविणाऱ्याविरुद्ध शेजाऱ्याने दिवाणी कोर्टात येण्याची सोय आहे. अंधार अडविणाऱ्याविरुद्ध नाही. १९८१च्या वायुप्रदूषण कायद्यात प्रदूषक म्हणजे घन, द्रव वा वायुरूप पदार्थ. आवाज हा यांपैकी काहीच नव्हे, म्हणून १९८७ साली दुरुस्ती करून 'आवाजासह' असे शब्द घातले गेले. संसदेला एक शब्द घालावयास सहा वर्षे लागली, पण घातला. 'उजेडासह' हा शब्द घालण्यास घटनेची कोणती अडचण आहे, हे मला कोणीतरी सांगावे.

आता विरुद्ध पक्षाची कैफियत. ती दुबळी करून मांडण्यात अर्थ नाही.

पहिला आक्षेप सर्वांत वजनदार आहे. २०२५च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकशी इरादापत्र केले. असे करणारे ते देशातील पहिले राज्य. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव या जिल्ह्यांतील दूरच्या शाळा, आरोग्यकेंद्रे आणि कार्यालये जोडण्याचा उद्देश त्यात आहे. 'तुम्हांला तारे हवेत, आम्हांला डॉक्टर हवा' असे तेथील माणूस म्हणाला तर त्याला उत्तर काय? गडचिरोली तर दूर राहिली. आमच्या खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलातील गवाळी, पास्तोली, कोंगळा, आमगाव ही गावे पावसाळ्यात जगापासून तुटतात. आजारी माणसाला तेथून खांद्यावर आणावे लागते. तेथे आभाळातून फोन लागला तर एखादा जीव वाचेल, हे मी नाकारीत नाही. नाकारणारा माणूस त्या वाटेने कधी चाललेला नसेल.

परंतु येथे एक हातचलाखी आहे, आणि ती दाखविणे हेच माझे काम. आमगावच्या रोग्याला फोन हवा आहे. चमकणारा फोन हवा, असे त्याने कधी म्हटले? उपग्रह काळोखा करणे अशक्य आहे असे कंपन्याही म्हणत नाहीत. स्पेसएक्सने २०२० साली एका उपग्रहाला काळा लेप दिला, पुढे उन्हाला आडवी येणारी झडप बसविली, तेज उतरले. नंतर उपग्रहांनी एकमेकांशी लेझरने बोलावयाचे ठरले. झडप लेझरच्या वाटेत येऊ लागली, झडप गेली. परावर्तन दुसरीकडे वळविणारे पापुद्रे नंतर आले, ते उपयोगीही आहेत, पण तत्त्व स्पष्ट झाले : जे स्वखुशीने दिले जाते ते सोयीने काढून घेतले जाते. आंतरराष्ट्रीय ज्योतिर्विज्ञान संघाने साधारणतः सातव्या प्रतीहून अधिक तेज असू नये, ही मर्यादा सुचविलेली आहे. ती पाळण्याचा खर्च कंपनीचा आहे. तो टाळण्यासाठी आमगावच्या रोग्याला पुढे उभे करणे, हा प्रकार कोर्टात आम्ही रोज पाहतो. सावकार नेहमी विधवेच्या नावाने दावा लावतो.

आणि हेही लक्षात घ्या की अंधार अद्याप शिल्लक आहे तो याच गावांत. शहराने आपला कधीच घालविला.

दुसरा आक्षेप तेथूनच निघतो. 'आधी आपल्या रस्त्यावरचे दिवे पाहा. तारे घालविले ते त्यांनी, उपग्रहांनी नव्हे.' अगदी खरे. बेळगावच्या कोणत्याही चौकात उभे राहून आकाशगंगा दिसत नाही, आणि त्यात स्टारलिंकचा दोष नाही. पण दिव्याला खांब असतो, खांबाला वॉर्ड असतो, वॉर्डाला नगरसेवक असतो. दिवा खाली तोंड करून बसविता येतो, मध्यरात्रीनंतर मंद करता येतो. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्रप्रकल्पात वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांनी तेच केले. शंभरावर दिवे बदलले, आणि २०२४च्या जानेवारीत पेंच हे भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' ठरले. ज्याला हेही जमत नाही तो निदान पळून जाऊ शकतो. बेळगावकराने जांबोटी ओलांडून चोर्ल्याच्या वाटेला लागावे, निपाणीकराने राधानगरीकडे जावे, अंधार भेटतो. उपग्रहापासून पळून जावयास जांबोटी नाही. पेंचच्या गावांनी पाळलेल्या व्रताचे वरून येणाऱ्या उजेडापुढे काहीच चालत नाही. उपग्रहाच्या वॉर्डाचा नगरसेवक कोण?

सीमाभागातील वाचकांना हा प्रश्न अधिक नेमका कळेल. १९५६ साली दूर बसलेल्यांनी नकाशावर एक रेघ ओढली, आणि तिच्याविषयीचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. त्यातील बाजू-दुसरी बाजू येथे काढीत नाही. एवढेच म्हणतो की निपाणीच्या डोक्यावरून निघालेला उपग्रह दहा सेकंदांत बेळगावच्या डोक्यावर येतो. खाली मराठी बोलतात की कानडी की कोकणी, याचे त्याला सुतक नाही. ज्यांच्यावर निर्णय लादला जातो त्यांना विचारले गेले काय, ही आमची जुनी तक्रार तेथे जशीच्या तशी लागू पडते, आणि तेथे ती आम्ही दोन्ही भाषांत एकत्र करू शकतो.

तिसरा आक्षेप म्हणजे 'हा मूठभर शास्त्रज्ञांचा शौक आहे'. यावर फार लिहीत नाही. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण गोविंद स्वरूप यांच्या दृष्टीने उभी राहिली. ती मराठी मुलखात बसून विश्वाच्या अतिप्राचीन काळातील हायड्रोजनची कुजबुज ऐकू पाहते. २०२३ साली युरोपातील लोफार दुर्बिणीने ६८ स्टारलिंक उपग्रहांकडे कान लावला. त्यांपैकी ४७ उपग्रहांच्या यंत्रसामग्रीतून नको असलेल्या लहरी झिरपताना आढळल्या, आणि त्यांची कंपने खोडदच्या कामाच्या पट्ट्यांत येतात. हे संदेश नव्हेत, नुसती गळती आहे; आणि गळतीला परवाना लागत नाही, म्हणून तिच्यावर नियमही नाही. पुन्हा तेच गायरान.

आता आपली जबाबदारी. करारातील सहावे कलम सांगते की खासगी कंपन्यांच्या अंतराळातील कार्याबद्दल त्यांचे राष्ट्र जबाबदार आहे. परवानगी देऊन त्याला हात झटकता येत नाहीत, सतत देखरेख ठेवावी लागते. आणि ज्याच्या भूमीवरून उड्डाण झाले ते राष्ट्रही 'सोडणारे राष्ट्र' ठरते. २०२२च्या ऑक्टोबरात आणि २०२३च्या मार्चात आपण वनवेबचे ३६ आणि ३६ असे ७२ उपग्रह श्रीहरिकोट्याहून सोडले. हे १,२०० किलोमीटरांवर फिरतात, त्यामुळे त्यांच्यावरचे ऊन रात्री अधिक काळ टिकते. त्यानंतर ब्लूबर्ड. तेव्हा 'हा अमेरिकेचा उद्योग आहे' असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही.

यासाठी आपल्याकडे अजून अंतराळ कायदा नाही. २०१७ साली एक मसुदा प्रसिद्ध झाला, तो मसुदाच राहिला. २०२३च्या अंतराळ धोरणात उद्योग आहे, सुरक्षितता आहे, कक्षेतील कचऱ्याचाही विचार आहे. उपग्रहाने किती चमकावे याची मर्यादा नाही. परवानगी देण्याचे काम अहमदाबादच्या इन-स्पेस या संस्थेकडे आहे. तिने २०२५च्या जुलैत स्टारलिंकच्या पहिल्या पिढीतील ४,४०८ उपग्रहांना भारतात सेवा देण्यास पाच वर्षांची परवानगी दिली. संयुक्त राष्ट्रांच्या अंतराळ समितीने अंधारे आणि शांत आकाश हा विषय २०२५ ते २०२९ अशा पाच वर्षांसाठी कामकाजात घेतलेला आहे. परवानगीची मुदत ७ जुलै २०३० रोजी संपते. दोन्ही तारखा जवळजवळ एकत्र येतात, ही संधी आहे. भारतासारख्या बाजारपेठेने 'सातव्या प्रतीहून तेजस्वी उपग्रहाला आमच्याकडे सेवा नाही, आणि आमच्या अग्निबाणावर जागा नाही' असे एक कलम परवान्यात घातले, तर कंपन्यांचे अभियंते झडपेची अडचण वर्षभरात सोडवितील. त्यांच्या बुद्धीवर माझा पूर्ण विश्वास आहे. महाराष्ट्राच्या इरादापत्राचा पक्का करार होताना हे कलम तेथेही मागता येईल.

दळणवळण हा केंद्राच्या यादीतील विषय. आमच्या महापालिकेला वा तालुका पंचायतीला यात हुकूम काढता येणार नाही, पण ठराव करण्यास कोणाची आडकाठी नाही. कडोली, येळ्ळूर, उचगाव येथे दर वर्षी साहित्य संमेलने भरतात आणि ठरावांची आम्हां सीमावासीयांना सवय आहे. पुढच्या हंगामात नेहमीच्या ठरावांच्या खाली एक अधिक ठराव असावा, आणि तो कोकणीतही वाचला जावा. मसुदा असा : 'रात्रीचे आकाश ही जनतेची सामाईक ठेव आहे, तिच्यात दृश्य उजेड वा बिनतारी गळती करणाऱ्या कोणत्याही उपग्रहसमूहाला तेजस्वितेची आणि गळतीची बंधनकारक मर्यादा घातल्याविना भारतात सेवेची अथवा भारतातून उड्डाणाची परवानगी देऊ नये, आणि ७ जुलै २०३० रोजी संपणाऱ्या परवानगीचे नूतनीकरण करण्यापूर्वी जनतेच्या हरकती मागवाव्यात, अशी ही सभा इन-स्पेस, अहमदाबाद यांजकडे मागणी करीत आहे.' सूचक आणि अनुमोदक यांच्या जागा मोकळ्या ठेवल्या आहेत.